दुखणं दबलंय की बरं झालंय? एंडॉर्फिनच्या भरवशावर व्यायाम सुरू करण्याआधी

दसरा उलटला की पुढचे आठ-दहा दिवस माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत बसायला जागा उरत नाही. कुणाचा गुडघा सुजलेला, कुणाची टाच टेकत नाही, कुणाच्या पोटरीत गोळा. आणि बडोद्यातला दांडियाबाजार असो, रावपुरा असो की मांजलपूर, येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं वाक्य एकच असतं: "ताई, गरबा खेळताना काहीसुद्धा दुखत नव्हतं हो!"

खरंच दुखत नसतं. तीन तास गोलात फिरताना मेंदू एंडॉर्फिनसारखी स्वतःची वेदनाशामकं सोडत असतो आणि गुडघ्याची तक्रार वरपर्यंत पोचतच नाही. ती पोचते दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उठताना.

वर्षभर येणारी दुसरी तक्रार याच्या उलट असते. "व्यायामानं एंडॉर्फिन वाढतं, दुखणं कमी होतं असं वाचलं, म्हणून चालायला लागलो. पंधरा दिवसांत उलट वाढलं, सोडून दिलं." या दोन्ही माणसांची चूक एकच आहे. औषध बरोबर निवडलं, पण क्रम आणि मात्रा चुकली. म्हणून हा क्रम सविस्तर लिहिते आहे. जुनी कंबरदुखी, झिजेचा गुडघा, आखडलेले खांदे आणि त्याच्या जोडीनं येणारा मनाचा मरगळलेपणा, एवढ्यासाठीच तो आहे. ताज्या दुखापतीसाठी नाही.

## आधी एवढं समजून घ्या

एंडॉर्फिन मेंदूत आणि पीयूष ग्रंथीत तयार होतं. चेतापेशींवरच्या ज्या जागी मॉर्फिन जाऊन बसतं, त्याच जागी तेही बसतं आणि वेदनेचा निरोप मज्जारज्जूत आणि मेंदूत मंद करतं. त्यातलं बीटा-एंडॉर्फिन ज्या मोठ्या प्रथिनाचा तुकडा आहे, त्याच प्रथिनातून ताणाच्या वेळी लागणारं एक संप्रेरकही निघतं. शरीरावर थोडा ताण आल्याशिवाय ते फारसं हलत नाही, यात म्हणूनच नवल नाही.

व्यायामानंतर वाटणारा हलकेपणा मात्र एकट्या एंडॉर्फिनचा नसतो. शरीरात गांजातल्या द्रव्यासारखं काम करणारे रेणूही तयार होतात. त्यातल्या एकाला १९९२ मध्ये शोधकांनी संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून आनंदामाइड असं नाव दिलं. २०२१ मध्ये जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात धावणाऱ्यांना एंडॉर्फिनची जागाच अडवणारं औषध आधी दिलं, तरी धावल्यानंतरचा आनंद त्यांना मिळालाच. म्हणजे 'अजून किक आली नाही, आणखी दोन फेऱ्या मारू' असं म्हणत एका रसायनाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

कामाची गोष्ट ही: ही रसायनं दुखणं दाबतात, झिजलेली कूर्चा (सांध्यातली गादी) किंवा ताणलेला स्नायुबंध दुरुस्त करत नाहीत. दुरुस्ती होते ती हळूहळू वाढवलेल्या भारानं, झोपेनं आणि विश्रांतीच्या दिवसांनी. एंडॉर्फिन फक्त तुम्हाला हलायला मोकळीक देतं. या मोकळिकीचा गैरवापर होऊ नये, म्हणून पुढचे टप्पे.

## टप्पा १: तुमचं दुखणं या लेखातलं आहे का?

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. त्यांचा नीट उपयोग केला तर निम्मी तपासणी घरीच होते.

जखडणं. सकाळी सांधे आखडतात आणि पंधरा-वीस मिनिटांत मोकळे होतात, तर बहुधा झिजेचं दुखणं. पुढे जा. तासभर मोकळे होतच नसतील, बोटांचे सांधे दोन्ही हातांना सुजत असतील, तर तो संधिवात असू शकतो. आधी डॉक्टर.

ओढ लागणं. बसून उठताना मांडीत, कंबरेत ओढ लागते आणि चार पावलांनी सैल होते. पुढे जा.

चमक आणि मुंग्या. कंबरेतून निघालेली चमक पायाच्या बोटांपर्यंत जाते, पायाला बधिरपणा आहे, पाऊल लटकं पडतं. आधी डॉक्टर. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा बसण्याची जागा बधिर झाली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ठणका. काहीही न करता ठणकतं, रात्री झोपेतून जाग येते, सोबत ताप आहे किंवा कारण नसताना वजन घटतंय. व्यायाम नको, डॉक्टर.

छातीवर दडपण. चालताना छातीत, जबड्यात, डाव्या हातात दाब येतो, एक जिना चढून धाप लागते. हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि हृदय तपासून घ्या. मधुमेह असलेल्यांत हृदयविकार कधी कधी छातीत न दुखताच येतो, नुसता घाम, मळमळ, अतीव थकवा एवढ्यानंच. म्हणून चाळिशीपुढच्या मधुमेह्यांनी जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच.

> थांबा आणि बघा: ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर 'आता शरीराचं स्वतःचं औषध सुरू करतोय' म्हणून त्या मनानं बंद करू नका. नैराश्याच्या गोळ्यांचंही तेच. कमी करायच्या की नाही हे ज्यांनी लिहून दिल्या त्यांच्याशी बोलून ठरवा.

## टप्पा २: पहिला आठवडा फक्त वही

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि तिथेच पुढचं सगळं बिघडतं. साधी शंभर पानी वही घ्या आणि सात दिवस काहीही नवीन न करता, रोजच्या हालचाली तशाच ठेवून, चार नोंदी करा.

सकाळी उठल्यावर दुखणं ० ते १० मध्ये किती. संध्याकाळी किती. झोप किती तास. मन कसं होतं: एका शब्दात पुरे, 'बरं', 'चिडचिड', 'उदास', 'नुसतं बसून राहावंसं'.

सात दिवसांची सरासरी ही तुमची पायरेषा. ती नसेल तर महिन्यानं फरक पडला की नाही, ते कळणार कसं? माणसाला कालचं दुखणं आठवतं, तीन आठवड्यांपूर्वीचं नाही. माझ्याकडे 'काहीच फरक नाही' म्हणत आलेल्या कितीतरी जणांच्या वहीत सातावरून चारावर आलेला आकडा मी त्यांना बोट ठेवून दाखवला आहे.

याच आठवड्यात बाकीची जमवाजमव. टाचेला आधार देणारे, नाडीनं आवळता येणारे बूट. सपाट चप्पल आणि सँडल नकोत. कमाटीबागेत फिरायला जात असाल तर डांबरी किंवा फरशीच्या सपाट वाटेपेक्षा मातीची कड बरी, पण पावसाळ्यात ती निसरडी होते, तेव्हा आतल्या पक्क्या वाटेवरच चाला. एप्रिल ते जून बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सात वाजेपर्यंत घरी परत आलात पाहिजे.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर मोजावी. १०० च्या खाली असेल तर एखादं केळं किंवा दोन बिस्किटं खाऊनच निघावं आणि खिशात साखर ठेवावी. पायाची संवेदना कमी झालेल्यांनी रोज रात्री तळवे बघावेत. हिरवळीवरून अनवाणी चालण्याचा सल्ला त्यांच्यासाठी नाही.

## टप्पा ३: दुसरा ते चौथा आठवडा, नुसती चाल

पहिल्या दिवशी दहा मिनिटं. एवढीच. 'दहा मिनिटांसाठी कोण जोडे घालून बाहेर पडतं' असं वाटेल, तरी दहाच. दर तिसऱ्या दिवशी दोन-तीन मिनिटं वाढवत चौथ्या आठवड्याअखेर तीस मिनिटांवर या. आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची १५० मिनिटं यातच भरतात.

वेग किती? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांची नाडी व्यायामातही फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यापेक्षा बोलण्याची ही परीक्षा जास्त भरवशाची.

आणि पहिले तीन आठवडे एकट्यानं चाला. हे अनेकांना रुचत नाही. पण चौघांच्या टोळक्यात माणूस स्वतःच्या गुडघ्याच्या वेगानं चालत नाही, पुढच्याच्या वेगानं चालतो. सोबतीचा फायदा मोठा आहे, तो पाचव्या टप्प्यात घेणारच आहोत.

पाऊल टाकतानाच दुखत असेल तर? मग दुखरा भाग सोडून सुरुवात करा. शरीराची वेदना दाबणारी व्यवस्था साऱ्या अंगभर चालते. हातांनी व्यायाम केला तरी पायाचं दुखणं काही काळ उतरू शकतं. खुर्चीत बसून अर्धा-अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या घेऊन हात पुढे-मागे, वर-खाली दहा मिनिटं. जोडीला गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून मांडीनं तो पाच सेकंद दाबून धरायचा, दहा वेळा. सांधा न हलवता स्नायू आवळून धरण्यानंही वेदना तात्पुरती कमी होते आणि मांडीही बळकट होत जाते. दोन आठवडे हे करून मग चालीकडे वळा.

> इशारा: व्यायाम संपल्यावर साधारण अर्धा-पाऊण तास दुखणं दबलेलं असतं. 'आज फार बरं वाटतंय' म्हणून याच वेळात पाण्याच्या बादल्या वर नेणं, गॅसचा सिलिंडर सरकवणं, माळ्यावरचे डबे काढणं नको. कंबर धरल्याच्या तक्रारीत ही वेळ मला वारंवार सापडते. घरी आल्यावर पाणी प्या, बसा.

## उद्या सकाळची परीक्षा

आजपासून पुढे प्रत्येक टप्प्यावर ही एकच परीक्षा. व्यायाम संपताना कसं वाटतंय यावर काहीही ठरवायचं नाही, कारण तो निकाल एंडॉर्फिननं लावलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीतला आकडा बघायचा.

पायरेषेइतका किंवा कमी: मात्रा बरोबर, ठरल्याप्रमाणे वाढवा.

एकानं जास्त: आज तेवढंच, वाढवू नका.

दोन किंवा त्याहून जास्त: आज सुट्टी. उद्या एक तृतीयांश वेळ कापून चाला.

सूज आली, सांधा गरम लागला, गुडघा अडकतो किंवा एकदम सोडून देतो: व्यायाम थांबवून दाखवून घ्या.

पोटऱ्या-मांड्या अंग मोडल्यासारख्या दोन दिवस दुखल्या तर घाबरू नका. ते स्नायूंचं दुखणं, नव्या कामाचं. सांध्याच्या आत दुखणं वेगळं. बोट ठेवून 'इथेच' असं दाखवता येतं, ते सांध्याचं.

## टप्पा ४: पाचवा-सहावा आठवडा, थोडा जोर

संथ चालण्यानं तब्येत सुधारते, मनही हलकं होतं. पण बीटा-एंडॉर्फिन ठळकपणे वाढायला एक तर जोर लागतो किंवा बराच वेळ. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मेंदूच्या चित्रणातून हेच पाहिलं. थोडा वेळ पण अतिशय जोराचा व्यायाम केल्यावर मेंदूत एंडॉर्फिन सुटलं. तासभर मध्यम व्यायामानंतर सरसकट तसं दिसलं नाही. मात्र त्या जोरकस व्यायामानं लोकांचा मूड बिघडलाही. शरीर स्वतःची वेदना दाबत होतं, कारण त्याला त्रास होत होता. म्हणून जोर हवा, पण चिमूटभर.

तीस मिनिटांच्या चालीत पहिली आठ मिनिटं संथ. मग एक मिनिट झपाट्यानं, दोन मिनिटं संथ, अशा पाच फेऱ्या. शेवटची सात मिनिटं पुन्हा संथ. झपाट्याच्या मिनिटात तीन-चार शब्दांच्या पुढे बोलता येऊ नये. पण घरघर, चक्कर, छातीत दाब यांतलं काहीही आलं तर तिथेच थांबायचं. हे आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर ठेवून. बाकी तीन दिवस साधी चाल.

गुडघेवाल्यांनी झपाट्याचं मिनिट सपाटीवरच घ्यावं. पुलाच्या चढावर चालेल, उतारावर नको. उतरताना गुडघ्यावर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर येणारा भार चढण्यापेक्षा जास्त त्रासाचा असतो, आणि नेमका तेव्हाच चढून आलेला माणूस उत्साहात असतो. पावागढला पायऱ्यांनी जाणाऱ्यांना मी हेच सांगते: चढा सावकाश, उतरताना रोपवे घ्या.

> थांबा आणि बघा: निघण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेतलीत का? घेतली असेल तर आज जोर नाही. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही वेदनाशामक एकत्र आल्यावर इजा कळायला जागाच राहत नाही. रोज अशी गोळी घेऊनच व्यायाम करावा लागत असेल तर मात्रा जास्त आहे, तिसऱ्या टप्प्यावर परत या.

## टप्पा ५: सातवा-आठवा आठवडा, सोबत आणि ताल

हा टप्पा मला सगळ्यात प्रिय आहे, आणि बडोद्यात तो शिकवावा लागत नाही.

ऑक्सफर्डमध्ये संशोधकांनी नौकानयन करणाऱ्या खेळाडूंना एकदा एकेकट्यानं आणि एकदा एकत्र, एका लयीत वल्ही मारायला लावली. मेहनत सारखीच, पण एकत्र मारल्यानंतर वेदना सोसण्याची ताकद जास्त भरली. चौघांत मिळून खळखळून हसल्यावरही ती वाढते, असं त्यांच्यातल्याच संशोधकांना पुढे दिसलं. एका तालावर, एकमेकांकडे बघत, एकत्र हलणं: गरबा म्हणजे दुसरं काय? लेझीम तेच, टाळ घेऊन भजन म्हणणं तेच, टिपऱ्याही त्याच.

म्हणून आता एकटं चालणं सोडा. आठवड्यातून दोन दिवस दोघं-तिघं मिळून, पावलाला पाऊल जुळवत चाला. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. एक दिवस पंधरा-वीस मिनिटं तालावरची हालचाल: घरातल्या घरात दोन टाळ्यांचा गरबा, लेझमीच्या साध्या पावल्या, काहीही. उड्या आणि गिरक्या अजून नकोत. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसून, मोठ्यानं, चारजणांत भजन म्हणावं. श्वास, आवाज आणि ताल एकत्र येतात, एवढंही पुरतं.

घरच्यांसाठी एक गोष्ट. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसतीच खोटी मात्रा दिली, तरी काहींचं दुखणं उतरलं. मग एंडॉर्फिनला अडवणारं नालोक्सोन दिल्यावर त्याच रुग्णांचं दुखणं पुन्हा वाढलं. भरवसासुद्धा शरीरातलं औषध सोडतो. तेव्हा आईला रोज 'तुझा गुडघा संपलाय, आता काही होणार नाही' असं ऐकवू नका. ती आज किती मिनिटं चालली ते विचारा.

## गरबा खेळायचाच असेल तर

घटस्थापनेच्या आधी आठ आठवडे धरा. साधारण नागपंचमीला वही उघडलीत तर वेळेत पोचाल. आपली, श्रावण शुद्धातली. शेजारच्या गुजराती घरातली नागपंचमी वद्यात असते, तिची वाट बघितलीत तर दोन आठवडे गेले.

पहिल्या रात्री वीस मिनिटं खेळायचं, दहा मिनिटं बसायचं, पुन्हा वीस मिनिटं, आणि घरी. घड्याळ लावून. 'दुखेल तेव्हा थांबेन' हे गोलात चालत नाही, का ते वर आलंच आहे. दुसऱ्या रात्रीचा निर्णय दुसऱ्या दिवसाच्या सकाळी. सलग दोन रात्री खेळलात की तिसरी रात्र बसून टाळ्या वाजवायची. अनवाणी खेळायची पद्धत असली तरी टाचदुखी आणि मधुमेह असलेल्यांनी पायात काहीतरी घालावंच. आयोजक परवानगी देत नसतील तर कडेनं, थोडा वेळ.

## वारंवार दिसणाऱ्या चुका

तिखटाचा भरवसा. सेव-उसळीवर जास्तीची तर्री घेतल्यावर डोक्यात जी झिणझिण येते, ती मिरचीतल्या कॅप्सेसिननं उष्णतेची जाणीव देणाऱ्या चेता चेतवल्यामुळे. त्यावर शरीर थोडंफार वेदनाशामक सोडतही असेल, पण कंबरदुखीवर तो इलाज नाही. पित्त मात्र नक्की होईल.

रविवारी सगळं. आठवडाभर काही नाही आणि रविवारी सुरसागर तलावाला सहा फेऱ्या. या माणसाचं सोमवारचं पान वहीत नेहमी लाल असतं.

रक्त तपासून घेणं. 'माझं एंडॉर्फिन किती आहे ते बघू' असं विचारणारे भेटतात. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज पोचत नाही, त्यामुळे तो आकडा तुमच्या मनाबद्दल किंवा दुखण्याबद्दल फारसं सांगत नाही. पैसे बुटांवर खर्च करा.

सुट्टीच्या दिवशी अपराधीपणा. व्यायाम चुकला की दिवसभर चिडचिड, दुखत असूनही बाहेर पडल्याशिवाय चैन नाही, घरच्यांपासून लपवून जास्तीच्या फेऱ्या: हे लक्षण चांगलं नाही. आठवड्यातले दोन दिवस विश्रांती हा वेळापत्रकाचाच भाग आहे.

उदासपणावर फक्त व्यायाम. वहीतल्या मनाच्या रकान्यात सलग दोन आठवडे 'उदास' येत असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर चालणं सुरू ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते.

## आठ आठवड्यांनंतर

शेवटच्या सात दिवसांची सरासरी काढा आणि पहिल्या आठवड्याच्या पायरेषेशेजारी लिहा. दोन किंवा जास्त आकड्यांनी उतरली असेल तर हेच वेळापत्रक पुढे ठेवा, झपाट्याच्या फेऱ्या पाचावरून सातावर न्या. आकडा तसाच आहे पण झोप आणि मन सुधारलंय, तरी सोडू नका, आणखी चार आठवडे द्या. काही जणांत, विशेषतः अंगभर दुखण्याचा जुना आजार असलेल्यांत, व्यायामानं वेदना दबण्याची ही व्यवस्था उशिरा आणि कमी साथ देते. त्यांनी मिनिटं निम्मी आणि आठवडे दुप्पट धरावेत.

आकडा वाढलाच असेल तर वही घेऊन तज्ज्ञांकडे जा. गेल्या वर्षी एक काकू अशीच वही घेऊन आल्या होत्या. छप्पन्न दिवसांत मंगळवार आणि शनिवार सोडले तर सगळे आकडे उतरलेले. विचारल्यावर कळलं, सोमवारी आणि शुक्रवारी त्या फिरून आल्या आल्या, अंग हलकं असतानाच, तीन मजल्यांचा जिना धुवून काढत होत्या. व्यायाम तसाच ठेवला, जिना संध्याकाळवर ढकलला.